किडनी देणाऱ्याचा डॉक्टर कोण?

वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना अवयवदानाबद्दल काय वाटते, याच्या पाहण्या आता जगभर होतात. स्पेन, जर्मनी, तुर्कस्तान, ब्राझील, पाकिस्तान आणि भारत अशा एकमेकांहून फार वेगळ्या देशांत त्या झाल्या आहेत. पद्धत बहुधा एकच असते. वर्गात प्रश्नावली वाटायची, नाव लिहू द्यायचे नाही आणि विचारायचे, की मृत्यूनंतर तुम्ही अवयव द्याल का, जिवंतपणी एक किडनी द्याल का, आईवडिलांना द्याल का, मित्राला द्याल का, अनोळखी माणसाला द्याल का. उत्तरेही बरीचशी सारखीच येतात. अवयवदानाच्या बाजूने कौल देणारे पुष्कळ असतात. आईवडील आणि भावंडे यांच्यासाठी किडनी द्यायला तयार असणारेही पुष्कळ निघतात. मित्रापाशी आकडा घसरतो, अनोळखी माणसापाशी आणखी खाली जातो. मेंदूमृत्यू म्हणजे नेमके काय, कायदा काय सांगतो, दात्याला धोका किती, असे विचारले की मात्र बरेच जण अडखळतात. मग निष्कर्षाचा परिच्छेद ठरलेला असतो: जागृती वाढवा, म्हणजे तयारीही वाढेल.

मरणोत्तर दानापुरता हा निष्कर्ष मला मान्य आहे. जिवंतपणी केलेल्या दानाच्या बाबतीत तो आपल्याला चुकीच्या वाटेने नेतो, असे माझे म्हणणे आहे. या पाहण्या विद्यार्थ्याला दाता समजून प्रश्न विचारतात. त्यांच्यातले फार थोडे कधी काळी किडनी देतील. पण इंटर्न म्हणून, मेडिसिनचे रेसिडेंट म्हणून, तालुक्याच्या गावातले घरचे डॉक्टर म्हणून त्यांच्यातल्या अनेकांसमोर किडनी द्यायला निघालेले माणूस बसणार आहे. त्या माणसाला डॉक्टरच्या उत्साहाचा काही उपयोग नाही. आपल्याला काय होऊ शकते ते सरळ सांगणारा, घरच्यांना बाहेर बसवून आपल्याशी बोलणारा आणि आपण नको म्हटले तर तो नकार सांभाळणारा कोणीतरी त्याला हवा असतो. विद्यार्थ्याची जिवंत अवयवदानाविषयीची वृत्ती तपासायची असेल, तर तो स्वतः किडनी देईल का यापेक्षा, दुसऱ्याला न देण्याची मोकळीक तो देऊ शकेल का, हे विचारले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे, ते राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे ‘नोटो’च्या आकड्यांवरून कळते. २०१३ साली देशात पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती १८,३७८ झाली. त्यांत १३,४२६ किडनीची होती आणि ४,४९१ यकृताची. त्या वर्षी मरणोत्तर दाते होते १,०९९. जिवंत दाते पंधरा हजारांच्या वर होते. स्पेन किंवा अमेरिका येथे बहुतेक अवयव मृत दात्यांकडून येतात आणि जिवंत दाता हा तुलनेने लहान गट असतो. भारतात प्रत्यारोपणाचा सगळा डोलारा जिवंत माणसांच्या शरीरांवर उभा आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांची याबाबतची समज स्पेनमधल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक खोल असायला हवी.

आपण त्यांना काय शिकवतो? ३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले, त्याची ही आठवण. त्या सुमाराला महाविद्यालयांत फेऱ्या निघतात, पथनाट्ये होतात, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात, मुले प्रतिज्ञापत्रे भरतात. हे सगळे चांगलेच आहे, आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले आहे. पण या मोहिमेची भाषा मरणोत्तर दानासाठी घडलेली आहे. तिथे दात्याचे आता काही बिघडणार नसते. एका देहातून आठ जणांना जीवन, हे वाक्य तिथे शोभते, आणि होकार जितका वाढेल तितके बरे. हीच भाषा मुलांच्या मनात जशीच्या तशी जिवंत दानावर जाऊन बसते. दान म्हणजे पुण्य, होकार म्हणजे मोठे मन, नकार म्हणजे अज्ञान किंवा स्वार्थ, असे एक समीकरण तयार होते. पुढे हाच विद्यार्थी डॉक्टर होऊन एखाद्या बिचकलेल्या दात्यासमोर बसतो, तेव्हा त्या बिचकण्याला तो गैरसमज समजतो आणि तो दूर करायला लागतो.

प्रत्यारोपणाच्या शास्त्राची सुरुवात अशी झालेली नव्हती. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे तेवीस वर्षांचे जुळे भाऊ. रिचर्डच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, रोनाल्ड निरोगी होता. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न रोनाल्डचा होता: ज्याला काही झालेले नाही, ज्याला या शस्त्रक्रियेतून शरीराचा काडीचाही फायदा नाही, अशा माणसाला कापण्याचा अधिकार डॉक्टरला कुठून मिळतो? त्यांनी इतर डॉक्टरांशी, वकिलांशी, वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंशी चर्चा केली. दात्याची शस्त्रक्रिया हार्टवेल हॅरिसन यांनी केली, रुग्णाची मरे यांनी. रोनाल्डने शस्त्रक्रियेआधी विचारले होते, की पुढे आयुष्यभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का. हॅरिसन यांनी उलट त्यालाच विचारले, की तुला गरज पडली तर या खोलीतले कोणी तुला नाही म्हणेल असे वाटते का. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवून निघून घरी जायला सांगितले, आणि मी इथेच राहणार असे रोनाल्डने लिहून कळवले. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. रोनाल्ड एका किडनीवर छप्पन्न वर्षे जगला आणि २०१० साली वारला. मरे यांना १९९० साली नोबेल मिळाले.

तंत्राच्या कौतुकात या हकिकतीतल्या ज्या गोष्टी झाकल्या जातात, त्याच मला मोलाच्या वाटतात. दात्याच्या बाजूचा डॉक्टर वेगळा होता. उद्याच्या जबाबदारीचा प्रश्न दात्याने विचारला आणि तो ऐकला गेला. आणि परत फिरण्याची मुभा खुद्द रुग्णाने दिली. रोनाल्डच्या होकाराला वजन आले, कारण त्याच्यापुढे दार उघडे होते.

आता धोक्याचे बोलू. विद्यार्थ्यांचे ज्ञान सर्वांत कच्चे इथेच असते, आणि प्रचाराच्या पत्रकांत अर्धसत्य शिरते तेही इथेच. किडनी काढण्याची शस्त्रक्रिया अलीकडे फार सुरक्षित झाली आहे, हे निखालस खरे आहे. अमेरिकेतल्या दात्यांचा तीस वर्षांचा जो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार नव्वदच्या दशकात आणि त्याच्या आसपास दर दहा हजार दात्यांमागे तीन जणांचा शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत मृत्यू होत असे. २०१३ ते २०२२ या काळात हे प्रमाण एकाच्याही खाली आले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागली, दात्यांची निवड काटेकोर झाली. उरलेली किडनी आपले काम वाढवते आणि एकूण क्षमता आधीच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत येऊन स्थिरावते. बहुतेक दाते पुढे नेहमीसारखे आयुष्य जगतात.

पण दात्याला पुढे स्वतःला डायलिसिसवर जाण्याची वेळ येईल का, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणाशी तुलना करतो यावर बदलते. अमेरिकेतल्या शहाण्णव हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या अंदाजानुसार आयुष्यभरात किडनी पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दात्यांमध्ये दर दहा हजारांमागे ९० इतके होते. सर्वसामान्य लोकसंख्येत ते ३२६ होते. नुसते एवढेच सांगितले तर दाता सामान्य माणसापेक्षाही सुरक्षित आहे असे वाटेल, आणि समुपदेशनात कित्येकदा तसे सांगितले जाते. पण सामान्य लोकसंख्येत मधुमेही आले, रक्तदाबाचे रुग्ण आले, आधीच आजारी असलेले आले. दाता यांच्यातला नसतो. तो निवडून घेतलेला निरोगी माणूस असतो. त्याच्याइतक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांत हे प्रमाण होते दर दहा हजारांमागे १४. म्हणजे धोका लहानच राहतो, पण दान न करता तो जितका असता त्याच्या सहापट होतो. तिन्ही आकडे खरे आहेत. दात्यासमोर कोणता ठेवायचा, हे डॉक्टरच्या हातात असते, आणि त्याची वृत्ती काय आहे ते या निवडीत उघडे पडते. ‘काही होत नाही’ म्हणणारा डॉक्टर खोटे बोलत नसेलही. तरी ९० आणि १४ ही जोडी ज्याने दात्याला सांगितली नाही, त्याने घेतलेली संमती अपुरी आहे असे मी म्हणेन.

यात आणखी एक बाब आपल्यासाठी महत्त्वाची आहे. किडनी दिल्यानंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाब आणि त्यातून होणारी गुंतागुंत वाढते. कॅनडात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाता स्त्रियांच्या गरोदरपणांत हे प्रमाण ११ टक्के आढळले, तशाच निरोगी इतर स्त्रियांमध्ये ५ टक्के. मूल व्हायचे आहे अशी तरुण पत्नी किंवा बहीण दाता म्हणून पुढे येते, तेव्हा ही माहिती तिच्या हातात असायलाच हवी. यकृताचे गणित तर पूर्णच वेगळे आहे. उजवा भाग काढून देणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यात दात्याच्या मृत्यूचा धोका किडनीदानापेक्षा कितीतरी जास्त असतो. यकृत पुन्हा वाढते, हे वाक्य खरे असले तरी या धोक्यावरचे उत्तर नव्हे.

आता हे दाते कोण आहेत ते पाहू. नोटोच्याच आकड्यांनुसार २०२३ मधल्या जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांमध्ये मात्र गेल्या काही वर्षांत पुरुष सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिले आहेत. याची काही कारणे वैद्यकीय आहेत आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. दारूने यकृत खराब झालेल्यांत पुरुष अधिक असतात. नवरा आजारी पडला तर दाता म्हणून पत्नी समोर येणे स्वाभाविक आहे. रक्तदाब किंवा व्यसन यांमुळे काही पुरुष तपासणीतच बाद होतात. हे सगळे धरूनही एक प्रश्न उरतो: बायको आजारी पडली तेव्हा नवरा कुठे होता? मुलीला किडनी हवी होती तेव्हा प्रत्यारोपणाच्या यादीत तिचे नाव गेले का? कमावत्या माणसाला कापायचे कसे, तो आजारी पडला तर घर कसे चालेल, हा विचार घरात उघडपणे बोलला जातो. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईच्या शरीराचा हिशोब तितक्या मोठ्याने मांडला जात नाही. आई मात्र कोणी विचारायच्या आतच हो म्हणून बसलेली असते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो प्रेमाच्या बाजूने येतो. आई मुलाला, पत्नी नवऱ्याला आपल्या देहातला तुकडा देते, त्यावर बाहेरच्या माणसाने संशय का घ्यावा? प्रत्येक होकारात दबाव शोधणे हा त्या स्त्रीचाच अपमान नव्हे का? हा आक्षेप मी मनापासून मानते. प्रेमातून दिलेली किडनी ही कर्तव्यातून दिलेल्या किडनीइतकीच खरी असते, आणि नात्यात कर्तव्य व प्रेम यांच्या वेगवेगळ्या पोतड्या नसतात. तिच्या मनाचा पंचनामा करावा, असे कोणीच म्हणत नाही. तिला एकदा एकटीला भेटावे, एवढेच मागणे आहे. जिचा होकार पक्का आहे, तिचे यात काही जात नाही. तिला धोके नीट समजतात आणि ती जास्त तयारीने शस्त्रक्रियेला जाते. जिचा होकार सासरच्या बैठकीत ठरला होता, तिच्यासाठी ती अर्ध्या तासाची भेट हाच काय तो मार्ग असतो. अशी भेट घेणाऱ्या केंद्रांनी जगात एक पद्धत विकसित केली आहे: दात्याने एकांतात नको म्हटले, तर घरच्यांना फक्त एवढेच कळवायचे की हे दाता म्हणून योग्य ठरत नाहीत. कारण सांगायचे नाही. अमेरिकेत २००७ पासून प्रत्येक केंद्राला जिवंत दात्यासाठी रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेला स्वतंत्र प्रतिनिधी नेमावा लागतो.

आपल्याकडे कायदा आहेच, मग डॉक्टरच्या वृत्तीवर एवढा भार कशाला, असेही कोणी विचारेल. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, दुरुस्ती २०११ ची, नियम २०१४ चे. आईवडील, मुले, भावंडे, पती-पत्नी आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. त्यापलीकडच्या दात्याला प्रेम किंवा जिव्हाळा हे कारण दाखवून प्राधिकार समितीची मंजुरी घ्यावी लागते. घरातल्या दात्याचा रक्तगट रुग्णाशी न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना आपसांत अदलाबदल करता येते. प्रत्यारोपण समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाची नोंदणी होत नाही. दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना धोका कुठे आहे ते कळले होते. पण हा कायदा मुख्यतः किडनीचा बाजार रोखण्यासाठी घडला, म्हणून त्याची सगळी यंत्रणा नाते सिद्ध करण्यावर खर्ची पडते: आधार, रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, एचएलए चाचणी. तरी मुंबईत २०१६ साली आणि पुण्यात २०२२ साली उघडकीस आलेल्या प्रकरणांत पैशाच्या आमिषाने आणलेल्या स्त्रीला कागदोपत्री रुग्णाची पत्नी बनवल्याचे तपासात पुढे आले. खोट्या पत्नीला पकडायला कागद कधी कधी पुरत नाहीत. खऱ्या पत्नीचे मन तर कागदावर येतच नाही. तिचे नाते खरे असते, सही खरी असते, समितीपुढे व्हिडिओवर दिलेले उत्तरही खरे असते, आणि तरीही तिला कोणी विचारलेले नसते. हे विचारणे समितीच्या खोलीत होत नाही. ते वॉर्डात, तपासण्यांच्या आठवड्यांत, बहुधा एखाद्या तरुण रेसिडेंटपाशी होऊ शकते, जर त्याला ते सुचले तर.

सर्वांत जड आक्षेप टंचाईचा आहे. देशात दरवर्षी सुमारे दोन लाख लोकांना किडनीची गरज असते, असा अंदाज नेहमी दिला जातो. प्रत्यारोपणे होतात तेरा-चौदा हजार. डायलिसिसवर आठवड्यातले तीन दिवस घालवणाऱ्या, नोकरी गमावलेल्या, कर्जात बुडालेल्या माणसाला दात्याच्या स्वातंत्र्याचे व्याख्यान कसे द्यायचे? उद्याचे डॉक्टर असे कचरू लागले तर माणसे मरतील. हा आक्षेप मांडणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण टंचाईचे मूळ कुठे आहे ते पाहावे. भारतात दहा लाख लोकसंख्येमागे एकही मरणोत्तर दाता मिळत नाही. स्पेनमध्ये २०२३ साली हे प्रमाण जवळजवळ एकोणपन्नास होते. आपल्या अतिदक्षता विभागांत मेंदूमृत्यू वेळेवर ओळखला जात नाही, जाहीर केला जात नाही, नातेवाइकांशी त्याबद्दल कोणी बोलत नाही. जी किडनी तिथून यायला हवी ती न आल्यामुळे घरातल्या बाईकडे मागितली जाते. विद्यार्थ्यांचा सगळा उत्साह तिथे, आयसीयूच्या दारात लागला पाहिजे. तिथे प्रत्येक होकार निखळ भर आहे. जिवंत दात्यापुढे मात्र टंचाईचे कारण पुढे करणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश एका निरोगी माणसाकडून भरून घेणे होय.

अनोळखी माणसाला किडनी देणाऱ्यांचे काय, असेही विचारता येईल. केरळमध्ये फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ साली आणि उद्योगपती कोचौसेफ चिट्टिलपिल्ली यांनी २०११ साली नात्यात नसलेल्या माणसांना किडनी दिली. ब्रिटनमध्ये तर असे दान २००६ पासून कायदेशीर आहे. ही माणसे खरोखर मोठी आहेत. पण पाहण्यांमध्ये ‘अनोळखी माणसाला देणार नाही’ म्हणणारे विद्यार्थी कमी उदार ठरत नाहीत. उलट त्या क्षणी त्यांनी धोका आणि नाते यांचा स्वतःशी हिशोब केलेला असतो. स्वतःबद्दल जो विचार ते इतक्या मोकळेपणाने करतात, तोच विचार करायला समोरच्या दात्यालाही जागा हवी, हे त्यांना त्याच तासाला दाखवून देता येईल. आपल्या उत्तरांकडे असे पाहायला शिकवले, तर या प्रश्नावलीचा उपयोग होईल.

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात अवयवदान अनेक ठिकाणी आहे. न्यायवैद्यकात कायदा आणि मेंदूमृत्यू आहे, शल्यचिकित्सेत प्रत्यारोपणाचे नैतिक व कायदेशीर प्रश्न आहेत, आणि अवयवदानाबद्दल रुग्ण व नातेवाइकांचे समुपदेशन नाट्यरूपात करून दाखवण्याचे कौशल्यही आहे. पहिल्या वर्षी मृतदेहाला आपला पहिला शिक्षक मानण्याचा सुंदर पाठ आहे. या समुपदेशनाच्या कौशल्याचा अर्थ बहुधा ‘नातेवाइकांना तयार कसे करावे’ असा घेतला जातो. तो बदलायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. ऑस्की या टेबलांवरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल असे मांडावे: चौतीस वर्षांची पत्नी, शेजारी सासू आणि दीर, प्रश्न तिला विचारला की उत्तर दीर देतो. विद्यार्थ्याला पाच मिनिटे. त्याने सासू आणि दिराला नम्रपणे बाहेर पाठवले का, यासाठी गुण. तुम्हाला काय वाटते, असे विचारून तो गप्प बसला का, यासाठी गुण. ९० आणि १४ हे आकडे सोप्या मराठीत सांगितले का, पुढच्या बाळंतपणाचे विचारले का, अजून नको म्हणता येते आणि ते कोणालाही कळणार नाही, हे सांगितले का. किडनी दिल्याने मिळणाऱ्या पुण्याचा उल्लेख त्याने केला, तर गुण कापावेत.

नेफ्रोलॉजीच्या पोस्टिंगमध्ये आणखी एक काम जोडता येईल. विद्यार्थी सहसा किडनी मिळालेल्या रुग्णाला पाहतात. त्याचे क्रिॲटिनिन, त्याची औषधे, त्याचा जंतुसंसर्ग. दाता चार-सहा दिवसांत घरी गेलेला असतो आणि पुष्कळदा परत येत नाही. त्याने दरवर्षी रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि क्रिॲटिनिन तपासायचे असते, आणि अंग दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन खायच्या नसतात. प्रत्येक विद्यार्थ्याकडे मागच्या वर्षीच्या पाच दात्यांची नावे द्यावीत. त्याने त्यांना फोन करावा, तपासणीला बोलवावे, न येणाऱ्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राशी बोलावे, शेतावर किंवा कारखान्यात ते पुन्हा कधी कामाला लागले आणि तपासणीचा खर्च कोणी केला, हे लिहून ठेवावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयव दिल्यास २०२३ पासून बेचाळीस दिवसांची विशेष रजा मिळते. शेतमजूर बाईला किती दिवस मिळाले, हे त्या वहीत आले पाहिजे. टर्म संपताना तोंडी परीक्षेत प्राध्यापकांनी ती वही मागावी आणि पहिला प्रश्न दात्याबद्दल विचारावा.